बाहेरून कडी

या, सरकून बसा. शटर अर्धं ओढलंय, आता गिऱ्हाईक यायचं नाही. आलंच तर मी त्याला परत पाठवणार नाही, हेही खरं. आमचा धंदा कड्याकुलपांचा. लोक म्हणतात, देवाच्या कृपेने चाललंय. मी म्हणतो, चोरांच्या. उद्या जग प्रामाणिक झालं की मी उपाशी.

तर आपला टकटक्या. सुतार. माझ्याकडचा माल घेऊन घरोघरी बसवून देतो. त्याने सांगितलं तेच सांगतो, पदरचं काही घालत नाही.

मागच्या डिसेंबरातला दुसरा गुरुवार, रात्रीचे पावणेदहा. दुकान आवरताना एक बाई आल्या. गोड बोलणाऱ्या. म्हणाल्या, "दाराला जाड कडी हवी. बसवणारा आत्ताच पाठवा. बाहेरून लावायचीय."

"खोलीत कोण असतं?"

"देव."

तुम्ही हसताय, पण मागच्या गल्लीतले ते आजोबा आठवतात ना? दारोदार विजेचे मीटर वाचायचे. एकदा एकीच्या तापलेल्या पोरावर हात ठेवला आणि ताप उतरला. झालं! त्या दिवसापासून त्यांना मीटर वाचू दिलं नाही कोणी.

"पण काका, देवाला कडी कशाला?"

अरे, मीही तेच विचारलं. बाई म्हणाल्या, "हल्ली रात्रीचे चालायला लागलेत. निघून गेले तर आमचं काय?"

टकटक्या गेला. वरच्या मजल्यावर खोलीबाहेरच्या पॅसेजमध्ये पंधरा-वीस माणसं बसलेली. सगळ्यांच्या माना खाली. आत एक उंच खुर्ची आणि तिच्या पायथ्याशी दिवा. उजेड गुडघ्यांपर्यंतच. पाय मात्र काय विचारता! धुतलेले, तेल लावलेले, तुकतुकीत. गुडघ्यांच्या वर हारच हार, त्याच्याही वर काळोख.

कडीचे बोल्ट आरपार असतात, नट आतून आवळावे लागतात. म्हणून हा आत बसून पाना फिरवत होता. शेवटचा नट घट्ट झाला. बाई बाहेरून म्हणाल्या, "बघू हं, बसते का नीट."

दार लागलं. कडी सरकली.

"बसली की! उघडा आता ताई."

कोणी उघडेना.

"ओ ताई! घरी बायको दार उघडं ठेवून बसलीय माझी. चेष्टा पुरे."

बाहेर नुसतं पुटपुटणं. मग मागून आवाज आला. थकलेला. अगदी घरगुती.

"नाही उघडायचे ते. मीही खूप सांगून पाहिलं."

"आजोबा, तुम्ही सांगा ना त्यांना."

"मी बोललो की वाकतात. काय बोललो ते ऐकत नाहीत."

"मग चला, दोघं मिळून दार ठोकू."

"मला नाही जमायचं रे. मी गेल्या थंडीतच गेलो."

"कुठे गेलात?"

"मेलो."

टकटक्या खिशात मोबाईल शोधू लागला.

"कुणाला कळलंच नाही. मान वर करतंय कोण?"

टकटक्याने मोबाईलची बॅटरी लावली. पाय. गुडघे. हार. त्याच्या वर…

काय होतं ते त्याने मला सांगितलं नाही. नंतर मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तो उठून गेला.

मोबाईल हातातून पडला. खुर्ची करकरली. आवाज आता कानापाशी.

"जरा बसतोस माझ्या जागी? पाठ फार दुखते."

हा दारावर धडका मारत सुटला. रडला. बायकोच्या नावाने, आईच्या नावाने ओरडला. बाहेरून एक म्हातारी म्हणाली, "देव रागावले गं!"

तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. सुतार म्हणून हे दार जन्मात उघडणार नाही.

त्याने आवाज जड केला. "कडी काढा."

कडी निघाली. लगेच.

दारात सगळे आडवे. कपाळं जमिनीला. एकीने त्याच्या पायांना मिठी घातलेली. सोडेना.

"हात काढ," तो म्हणाला. "कोणीही मान वर करायची नाही. माझ्याकडे बघायचं नाही."

आणि तो पाठींवरून, डोक्यांवरून पाय टाकत जिना उतरला. कोणी हललं नाही. पाठीमागे खोलीतून कोणीतरी सुटल्यासारखा लांब श्वास टाकला… एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुकानात आला. काउंटरपाशी उभं राहून हे सगळं सांगितलं. मी चहा मागवला, पाठीवर हात ठेवला, धीर दिला. सांगून झालं तरी तो जाईना.

"शेठ," तो म्हणाला, "घरी बायकोही अशीच करतेय. तुम्ही तरी वर बघा ना."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. तो आल्यापासून मी त्याच्या चपलांकडेच बघत होतो.

मी बघायला गेलो…

मान वर होईना.

अजूनही तो माल न्यायला येतो. डाव्या पायाच्या अंगठ्याच्या नखाला चीर आहे, टाचेला भेग आहे. चेहरा विचारू नका.