मासे उलटले नाहीत

विषय : जलशुद्धीकरण केंद्राच्या काचपेटीतील बारा मासे.
संदर्भ : शहराचा पाणीपुरवठा बंद करण्याबाबत माझा अर्ज.

उपरोक्त विषयी निवेदन करतो की, मी त्या केंद्रात एकतीस वर्षं कारकून होतो आणि भुताखेतांवर माझा विश्वास नाही. वरिष्ठांवरही नव्हता, पण त्यांचं अस्तित्व नाकारायची सोय नव्हती.

शहराला जाणारं पाणी आधी एका काचपेटीतून वाहायचं. पाण्यात विष असलं तर यंत्राआधी माशांना कळतं. ते कासावीस होतात, तोंड वर काढतात, शेवटी उलटतात. नियम एका ओळीचा होता : मासे उलटल्यास मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा.

त्या दिवशी कडाक्याची थंडी होती. सकाळच्या मोजणीवर सही करायला मी पेटीपाशी गेलो. माशांची निगा राखणारा म्हातारा, त्याला सगळे मासेमामा म्हणत, स्टुलावर बसला होता.

"बारा आहेत की. मग तोंड का पाडलंय?"

"कल्ले बघा, भाऊसाहेब."

एकाचेही कल्ले हलत नव्हते. डोळ्यांवर पांढरी साय धरलेली. तरी बाराही मासे प्रवाहाकडे तोंड करून, शेपट्या हलवत, जागच्या जागी उभे होते.

मामांनी एकाला जाळीनं बाहेर काढलं. तो तडफडला नाही. मामांनी त्याचं पोट चिरलं, तसा खोलीभर वास सुटला. आतून तो केव्हाचाच सडला होता. मामांनी त्याला परत पाण्यात सोडलं. चिरलेलं पोट घेऊन तो सावकाश रांगेत आपल्या जागी जाऊन उभा राहिला.

मी साहेबांना फोन लावला.

"उलटलेत का?"

"नाही साहेब. पण मेलेत."

"मेलेला मासा पोहतो होय?"

"एकाचं पोट चिरून पाहिलं, साहेब..."

"कोणाच्या परवानगीनं चिरलंत?"

व्हॉल्व्ह माझ्यापासून वीस पावलांवर होता. केंद्राची पहिली लाइन ज्या गल्लीत जाते, तिथे माझी मुलगी राहत होती, आणि तिला आठवा महिना होता. कुठल्याही बापानं धावत जाऊन व्हॉल्व्ह फिरवला असता. मी अर्ज लिहिला. तीन प्रतींत.

पोच घेऊन मगच तिच्या घरी पळालो. दार तिनंच उघडलं.

"बाबा, आज ऑफिसला दांडी?"

"तायडे, नळाचं पाणी प्यायलीस?"

"चांगलं दोन तांबे. आज गोड लागतंय हो. आत या ना, केवढ्या धापा टाकताय."

माझ्या तोंडातून वाफेचे लोट निघत होते. ती उंबऱ्यात उभी राहून बोलत होती, हसत होती, मला वजन कमी करायचा उपदेश करत होती. तिच्या तोंडातून वाफ येत नव्हती.

"जरा... श्वास घे बघू," मी म्हणालो.

"म्हणजे काय करू?" तिनं विचारलं. चेष्टेनं नाही. खरोखरच विचारलं.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. माझं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे, मी विहिरीचं पाणी पितो. मुलगी दर रविवारी येते. तब्येत उत्तम आहे असं तिचे डॉक्टर म्हणतात; डॉक्टर तिच्याच गल्लीत राहतात. येताना ती लोकरीचं विणकाम घेऊन येते. इवलेसे मोजे झाले, टोप्या झाल्या, आता तिसरा स्वेटर चालू आहे. खुर्चीत बसताना अजूनही कमरेला हात लावून, जपून बसते. मी काही विचारत नाही. तीच सांगते, "डॉक्टर म्हणाले, आठवा लागलाय. आता थोडेच दिवस, बाबा."

अर्ज विचाराधीन आहे.