झिरोच्या बल्बची चोरी

"काका, थांबा! कुलूप नका लावू!"

हेरंब, रुचा आणि लवू जिन्यावरून धडधडत खाली आले. लालबागच्या त्यांच्या चाळीत जिन्याखाली एक अभ्यासिका होती. बिनखिडकीची, भरदुपारीही अंधारी. चाळीचे चिटणीस कोंडीरामकाका एका हातात कुलूप, दुसऱ्या हातात मोबाईल घेऊन दारात उभे होते.

"महिनाभर बघतोय," काका म्हणाले. "आतल्या दिव्याला मी स्मार्ट प्लग लावलाय. किती वीज जाते ते ॲपवर दिसतं. रोज शून्य! कुणी बसतच नाही इथे. आता मंडपाचं सामान ठेवणार."

"मग मी कोण, काका?" आतून आवाज आला.

मेघनाताई! टेबलावरच्या दिव्याखाली ती बसली होती. नर्सिंगची प्रवेशपरीक्षा तोंडावर आलेली. घरी एकच खोली. रात्रपाळी करून आलेले बाबा दिवसा तिथे झोपायचे. म्हणून ती पहाटेपासून इथे. पंखा बंद पडलेला. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात वारा घ्यायला पुठ्ठा. कपाळावरून घाम ओघळायचा, पण नजर ओळीवरून ढळायची नाही. पुठ्ठ्याचा वारा आणि पान उलटताना होणारी सळसळ, तेवढीच काय ती झुळूक!

"आज बसलीस गं, कुलूप येतंय कळल्यावर!" काका म्हणाले.

रुचानं त्यांच्या मोबाईलमध्ये डोकावलं. "काका, दिवा आत्ता पेटलाय ना? मग ॲपवर अजून शून्य कसं?"

काका गडबडले. "तसं कसं होईल? प्लग मी स्वतः जुळवलाय! माहितीपत्रकात लिहिलं होतं, आधी झिरो लोड ठेवा, मग शून्य जुळवायचं बटण दाबा. ठेवला की मी!"

"काय ठेवलंत?" रुचानं विचारलं.

"झिरोचा बल्ब!" काका ऐटीत म्हणाले.

हेरंबनं कपाळावर हात मारला. "झिरो लोड म्हणजे रिकामा प्लग हो, काका!"

"अरे, पण झिरोचा बल्ब वीज खातो कुठे? म्हणून तर झिरो!"

"लवू, पळ! तुमच्या देवघरातला बल्ब घेऊन ये!" रुचा म्हणाली.

लवू होल्डरसकट बल्ब घेऊन आला. दिव्याच्या जागी तो लावला. लाल उजेड पडला. ॲपवर शून्य!

"बघा!" काका खूश.

"थोडं थांबा. हं, आता काचेला बोट लावा," रुचा म्हणाली.

"आई गं! चटका बसला की!"

लवूनं टाळ्यांवर ताल धरला,
"झिरो झिरो म्हणतो, चोरून जेवतो,
पोट भरलं की लालबुंद होतो!"

"उपाशी असता तर तापला असता का?" रुचा हसत म्हणाली. "पंधरा वॅट खातो तो, हे बघा, इथे छापलंय. तुम्ही पंधरालाच शून्य ठरवलंत, काका! आता प्लग दर वेळी पंधरा वजा करतो. ताईचा दिवा जेमतेम नऊचा. मग दिसणार काय? भोपळा!"

हेरंबनं बल्ब काढला. रिकाम्या प्लगवर काकांनीच बटण दाबलं. मग पुन्हा ताईचा दिवा लावला. सगळी डोकी मोबाईलवर वाकली.

नऊ!

काकांनी कुलूप खिशात टाकलं.

"पोरी, त्या सगळ्या शून्यांत तू बसली होतीस," ते हळूच म्हणाले. "पंखा आजच दुरुस्त करून घेतो. आणि तुम्ही तिघं! शाबास रे! चाळीच्या सभेत सगळ्यांसमोर सांगणार मी, माझी चूक पोरांनी पकडली!"

थोड्याच वेळात चाळीच्या ग्रुपवर त्यांचा संदेश झळकला: 'अभ्यासिका सुरूच राहील. बंद होतं ते माझं डोकं!'

चाळभर हशा पिकला. मेघनाताईनं मात्र तो संदेश वाचलाच नाही. ती केव्हाच पुढच्या धड्यात शिरली होती.