बर्फाचा आवाज

शाळेतल्या पियानोचे सूर लावून मी बाहेर पडले, तेव्हा मात्सुए गावावर ऑगस्टचं ऊन नुसतं आग ओकत होतं. सावली दिसली म्हणून कालव्याकाठच्या मिठाईच्या दुकानात शिरले. एकच जागा रिकामी होती... बर्फ किसायच्या लोखंडी यंत्रासमोरची.

यंत्रामागे नाओफुमी होता, मालकाचा मुलगा. एका हाताने चाक फिरवत, दुसऱ्या हाताने वाडगा हलकेच वळवत तो असा काही बर्फाचा डोंगर रचत होता, की मी बघतच राहिले. पण माझे कान काही गप्प बसेनात.

"पातं एका बाजूने वर आलंय," मी बोलून गेले.

चाक थांबलं. "पातं न बघता कसं कळलं?"

"दर फेरीला एकदा खरखरतंय... माफ करा, माझं कामच कानांचं आहे."

त्याने बर्फावर हिरव्या चहाचा पाक ओतला, कडेला गोड लाल चवळी ठेवली आणि वाडगा माझ्यापुढे सरकवला. दुसऱ्याच घासाला एक जाड कण दाताखाली आला. त्याने माझा चेहरा वाचला.

पुढच्या आठवड्यात गेले, तर त्यानेच मला यंत्राजवळ बोलावलं. त्याच्या वडिलांना वसंतात अर्धांगाचा झटका आला होता. चाळीस वर्षं पातं तेच लावायचे, नुसत्या बोटाच्या अंदाजाने. आता जुनी गिऱ्हाइकं निमूट खाऊन जात आणि पुन्हा येत नसत.

तो छोट्या हातोडीने पात्यावर ठोके देऊ लागला. मी डोळे मिटून ऐकत होते. "अजून थोडं... थांबा," मी सांगत होते. मग बर्फ पिसासारखा अलगद उतरू लागला. पहिला वाडगा वर माडीवर वडिलांकडे गेला आणि चाटूनपुसून रिकामा परत आला. खाली कोण आलंय, असं त्यांनी विचारल्याचं त्याची आई हसत सांगत होती.

त्यानंतर मी दर शनिवारी जाऊ लागले.

"गावातले पियानो संपले वाटतं?" तो विचारायचा.

"आहेत की. पण ते खायला घालत नाहीत."

सप्टेंबरात कंपनीने माझी बदली दूर उत्तरेला, सप्पोरोला ठरवली. नकार कळवायला दोन दिवस होते. मी त्याला सांगितलं, तेव्हा तो पातं पुसत होता. बराच वेळ पुसतच राहिला.

"पातं मला एकट्याला लावता येतं," शेवटी तो म्हणाला. "महिना झाला."

"मग दर शनिवारी मला का ऐकायला लावलंत?"

"तुम्ही डोळे मिटता ना..." त्याचे कान लाल झाले. "तेवढा वेळ तुमच्याकडे मनसोक्त बघता येतं." मग अगदी हळू – "कानाए, तू जाऊ नकोस."

मी दुकानाच्या पायरीवर जाऊन ऑफिसला फोन लावला. साहेबांनी कारण विचारलं. गाव आवडलंय, म्हटलं. परत वळले, तर तो दारातच उभा होता, ओल्या हातांनी.

"राहतेय," मी म्हटलं.

त्याने माझा हात धरला. बर्फात काम करून त्याची बोटं गारठली होती. ती उबदार होईपर्यंत मी सोडली नाहीत.