पूर्ण हॉल फिरून यावं

वरद आणि वैभवीचं लग्न झालं नाही.

हे वाक्य कृपया विसरा. छापताना कुणीतरी आगाऊपणे घुसडलं असावं. अजून तर त्यांची भेटसुद्धा झालेली नाही.

वरद दुबईत, इंटरनॅशनल सिटीत राहायचा. मराठी मंडळाच्या कमिटीत तो सगळ्यांत लहान, त्यामुळे कुठल्याही कामाला आधी त्यालाच पिटाळत. दर दसऱ्याला शस्त्रपूजनात दोन लॅपटॉप, एक गाडीची किल्ली आणि अपर्णाकाकूंची विळी मांडून अध्यक्ष मुरलीधरकाका कंटाळले होते. "यंदा खरं शस्त्र हवं," त्यांनी जाहीर केलं. "अबू धाबीला बंदुकांचं प्रदर्शन लागलंय. यल्ला, नीघ वरद, एक बघून ये. बजेटमध्ये!"

एका हॉलमध्ये ससाणे, दुसऱ्यात उंट, तिसऱ्यात बंदुका. पहिल्याच स्टॉलवर वरदने एक उचलली, आणि नळी थेट समोरच्या मुलीच्या कपाळावर रोखली गेली.

"रिकामी आहे," ती मराठीत म्हणाली, कारण त्याच्या टी-शर्टवर मंडळाचा गणपती होता. "तरी कुणावर रोखायची नसते. नळी जमिनीकडे. आणि आधी विचारायचं, मग हात लावायचा."

"सॉरी... मला एक हवी होती."

"परवाना?"

"ड्रायव्हिंगचा आहे."

"कसली शिकार करता?"

"शिकार नाही... पूजा करायचीय."

ती हसली नाही. फक्त गालावर एक खळी पडली आणि ती लपवायला तिनं ओठ चावला. ही वैभवी. जन्म इथल्याच अल ऐन शहरातला, शिक्षण तिथलंच. अरबी गिऱ्हाइकं आणि इटालियन मालक यांच्यामध्ये दुभाषी म्हणून प्रदर्शनापुरती उभी.

"परवान्याशिवाय फक्त बघता येतं," ती म्हणाली.

"बघायला... उद्याही येता येतं?"

"इन्शाल्ला."

तो रोज आला. ऑफिसात डेंटिस्टचं कारण सांगून. आठवडा संपेपर्यंत ऑफिसच्या हिशेबानं त्याच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कुणालाच कळलं नाही.

"दस्ता खांद्याला टेकव. ओढूनताणून नको रे! आपली असली की आपणहून बसते."

"आणि बसली, की घ्यायची?"

"छे! पहिल्या स्टॉलवर जीव जडला तरी लगेच घ्यायचं नाही. पूर्ण हॉल फिरून यायचं. घाईत घेतली की जन्मभर खांदा दुखतो."

शेवटच्या दिवशी खळी नव्हती.

"बाबा रिटायर झाले. व्हिसा खलास. उद्या पुण्याला... कायमचं. मी सलग महिनाभरही राहिले नाहीये तिथे."

"पुणं चांगलं आहे," वरद म्हणाला. "पार्किंग नाही."

"तिथे एक स्थळ आलंय. बाबा सहाला न्यायला येतील. गाडीत बसलं की विचारणार, हो की नाही." ती आधीच चकाकणारा दस्ता पुसत राहिली. "तुला... काही म्हणायचंय?"

म्हणायचं होतं. अगदी ओठांपर्यंत आलं होतं. पण आयुष्यातला एवढा मोठा निर्णय तरी नीट, नियमाने घ्यावा असं त्याला वाटलं.

"मी... एक पूर्ण फेरी मारून येतो."

आणि तो खरंच गेला! सगळ्या बंदुका पाहिल्या, उंट पाहिले. डोळ्यांवर टोपी घातलेल्या एका ससाण्यासमोर उभं राहून वाक्य पाठ केलं. ससाण्याने हरकत घेतली नाही.

परतला तेव्हा स्टॉलवर खोकी बांधली जात होती. मालकाने नुसता दाराकडे हात केला.

वरदने फोन लावला. पलीकडे हायवेचा आवाज.

"फिरलास हॉल?"

"पूर्ण."

"मग... काय आवडलं?"

"पहिल्या स्टॉलवरचंच."

पलीकडे गाडीची काच वर गेली आणि हायवे बंद झाला.

"वेड्या... तो नियम बंदुकांसाठी होता." आणि मग शाळेतल्या इंग्रजीत, कारण मराठीत तिला ते जमेना, "आय ऑलरेडी सेड येस, वरद."

मागून बाबांचा आवाज आला, "कोण गं?"

"स्टॉलवरचं गिऱ्हाईक, बाबा."

दसऱ्याला पुन्हा विळीच पुजली गेली. वरदने तिला हळदकुंकू वाहिलं, घरी आला आणि प्रदर्शनाच्या आयोजकांना अर्ज लिहिला. मराठीत, जी तिथे कुणालाच वाचता येत नाही:

'सबब, प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी सायंकाळी सहा वाजण्याची कार्यवाही, अर्जदार हॉल फिरून परत येईपर्यंत तहकूब ठेवण्यात यावी, ही नम्र विनंती.'