पाच सोडले, नऊ मेले

"तुम्हीच फिल्टर बंद केलात," चिंगी म्हणाली आणि दार आपटून खोलीत गेली.

काचेच्या छोट्या टाकीत मासे पोट वर करून तरंगत होते. फिल्टर बंद होता. आणि दोनच दिवसांपूर्वी जेवताना सावत्र आई म्हणाली होती, "रात्रभर याची घुर्रघुर्र, डोळ्याला डोळा लागत नाही." बोलाफुलाला गाठ पडली. आता तिला बोलायला तोंड उरलं नव्हतं.

"मी टाकून येतो," नवरा जाळी शोधत म्हणाला. "पोरीच्या डोळ्यांसमोर नकोत."

"हात लावू नका."

विमा कंपनीसाठी जळकी दुकानं तपासणं हा तिचा धंदा. राख झाडायच्या आधी नीट बघायची, हे अंगवळणी पडलेलं.

चिंगीनं मामाला फोन केला होता आणि तो तिला न्यायला निघालाही होता. एकदा आजोळी गेली की ही पोर या घरात परत यायची नाही, हे सावत्र आईला स्वच्छ दिसत होतं. वर्षभर चिंगी तिच्याशी 'हो' आणि 'नाही' यापलीकडे बोलली नव्हती. बोलली ती या टाकीपायी. महिनाभर दोघींनी मिळून पाणी पिकवलं होतं. मासा एक नाही, तरी रोज चिमूटभर खाद्य टाकायचं आणि फिल्टरच्या स्पंजात न दिसणारे जंतू वाढू द्यायचे. पुढे माशांची घाण तेच पचवतात. संध्याकाळी पाणी तपासायला ते नळीत घेऊन रंगाचे थेंब टाकायचे, तेव्हा दोघींची डोकी एकमेकींना लागायची. नवरा हसायचा, "पाहुण्यांचा पत्ता नाही आणि तुम्ही पंगत वाढताय."

काल सकाळी पाणी पास झालं. जंतू बेताचे म्हणून मासेही बेताचे, पाचच सोडले. "एवढ्या पाण्यात पाचच?" नवरा म्हणाला होता. चिंगी मात्र खळखळून हसली. आई गेल्यापासून पहिल्यांदा.

आता सावत्र आईनं एकेक मासा चमच्यानं वाटीत काढला. मोजले. पुन्हा मोजले.

मग सॉकेटकडे पाहिलं. पिन उपसलेली होती आणि वायरचं नीट वेटोळं करून खिळ्याला टांगलेलं होतं.

चिंगीच्या दाराशी जाऊन तिनं विचारलं, "टाकीत मासे किती होते?"

"पाच. मला मोजता येतं."

"सकाळी मोजलेस?"

"मेलेले कोण मोजतं?" आतून हुंदका आला.

"रात्री उठली होतीस?"

"पाणी प्यायला. बाबा नुकतेच आले होते. झोप म्हणाले."

नवरा स्वयंपाकघरात गार झालेला चहा ढवळत होता.

"काल उशीर का झाला?"

"लिफ्ट अडकली होती. माणसं आत. दुरुस्त केल्याशिवाय कसा निघणार?"

"येताना कुठं थांबलात?"

"कुठं थांबणार?" तो तिच्या हातातल्या वाटीकडे बघत म्हणाला.

बेल वाजली. मामा दारातच उभा राहिला. "ताई, वाद नको. चार दिवस नेतो पोरीला." चिंगी बॅग खांद्याला लावून बाहेर आली.

"न्या," सावत्र आई म्हणाली. "फक्त एवढे मासे मोजा."

मामानं मोजले. "नऊ."

"पाच," चिंगी म्हणाली आणि वाटीत डोकावली.

"मेल्यावर कोणी वाढत नाही," सावत्र आई म्हणाली. "म्हणजे चार मागून आले. मला आवाज नको असता तर मी बटण दाबलं असतं. पिन उपसून, वायर गुंडाळून खिळ्याला टांगायची सवय या घरात एकालाच आहे. लिफ्टच्या खड्ड्यात उतरणारा माणूस आधी वीज तोडतो. मिक्सर पुसायचा असला तरी हे तेच करतात. काल यांनी गुपचूप आणखी चार मासे आणले, पाण्यात हात घालायचा म्हणून वीज तोडली, मासे सोडले, तेवढ्यात चिंगी उठली. गुपित फुटू नये म्हणून बाजूला झाले आणि वायर टांगलेलीच राहिली. टीचभर पाणी, दुपटीला आलेले जीव, आणि रात्रभर पाणी हललं नाही. त्यांना श्वासच पुरला नाही."

नवऱ्यानं मान खाली घातली. "ती हसली होती ना. वाटलं, सकाळी आणखी हसेल."

"ते समजलं मला. तुमच्या हातून चूक झाली, पण ती मायेपोटी. मात्र सकाळी वायर बघून तुम्ही ओळखलंत. तरी गप्प का बसलात?"

तो पुटपुटला, "तुझ्यावर ती रागावलेलीच असते. म्हटलं, आणखी थोडी रागावली तर काय बिघडतंय."

सावत्र आईला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही.

चिंगीनं बॅग खाली ठेवली. खिळ्यावरची वायर काढली, वेटोळं सोडवलं, पिन लावली. फिल्टर दोनदा ठसकला आणि घुरघुरू लागला.

"स्पंजातले जंतू मेले असतील का?" ती टाकीकडे बघत म्हणाली. प्रश्न कोणाला होता, ते सगळ्यांना कळलं.

"काही जगले असतील. बघावं लागेल."

"मामा, मी आज येत नाही," चिंगी म्हणाली. "पाणी तपासायचंय."

तिनं नळी धुऊन आणली आणि सावत्र आईपुढं धरली. सावत्र आईनं डोळे पुसले, बाटली उघडली आणि थेंब मोजायला लागली.