पेशी खाली बसतात तेव्हा

शाल्मलीच्या मोडलेल्या पायाने घरातल्या सगळ्यांना कोड्यात टाकलं होतं. नडगीच्या तुटलेल्या टोकांमध्ये नव्या पेशींचा चांगला जाड गोळा तयार झाला होता. तो वाढतही होता, पण त्याचं हाड काही होत नव्हतं. इकडे खो-खोची स्पर्धा तोंडावर आली होती, आणि तिच्याइतकं चपळ संघात दुसरं कुणी नव्हतं.

तिच्या पायावर बोलकं प्लास्टर होतं. त्याचं नाव चिकू. ते तिच्या आजोबांनी, आप्पांनी बनवलं होतं. आप्पांचा जन्म हाडांच्या पेशी अभ्यासण्यात गेला, पण नातीपुढे त्यांचं काही चालत नसे. चिकू पेशींना औषधातून दोन इशारे देई: 'वाढा' आणि 'थांबा'. शाल्मली सांगेल ते ऐकायचं, असंही आप्पांनी त्याला लाडाने शिकवून ठेवलं होतं. तिथेच घोळ झाला.

आप्पांनी विचारताच चिकूने सगळं सांगून टाकलं. 'थांबा' बंद ठेव, असं शाल्मलीनेच त्याला बजावलं होतं. खेळाडूच ती! थांबलं की हरलं, एवढंच तिला ठाऊक.

आप्पा रागावले नाहीत. चूक निम्मी आपलीच, असं म्हणून ते तिच्याजवळ बसले.

"खो दिल्यावर तू काय करतेस?"

"जिला खो दिला, तिच्या जागी बसते."

"आणि नाही बसलीस तर?"

"फाउल."

मग आप्पांनी समजावलं. पेशीचक्रात (पेशी वाढून तिच्या दोन होण्याच्या क्रमात) काही प्रथिनं पेशीला पुढे पळवतात, तर काही तिचा लगाम खेचतात. हाड मोडलं की आधी कूर्चेच्या (नाकाच्या शेंड्यात असतो तशा लवचीक भागाच्या) पेशी भराभर वाढतात. मग लगाम खेचला जातो. पेशी दुभंगायची थांबते, फुगते, तिच्याभोवती कॅल्शियमचे क्षार साठतात. त्या साच्यावर हाड बांधणाऱ्या पेशी खरं हाड रचतात. पेशीने असं एकच काम पत्करण्याला विभेदन म्हणतात.

"तू कुणाला बसूच दिलं नाहीस, बाळा."

शाल्मलीला रडू आलं. "म्हणजे मी खेळणार नाही?"

"या वर्षी नाही."

तिने डोळे पुसले. मग तिनेच चिकूला 'थांबा' सुरू करायला सांगितलं.

स्पर्धेच्या दिवशी ती प्लास्टरसकट मैदानाच्या कडेला बसली. आजवर तिने फक्त पळणाऱ्या मुली पाहिल्या होत्या. आज तिला खो देऊन झटकन बसणाऱ्याही दिसल्या. त्या बसत होत्या म्हणून तर डाव उभा होता.

पुढे एका सकाळी चिकूने नडगीचं चित्र दाखवलं. मऊ गोळ्याच्या जागी पांढरंशुभ्र हाड होतं. शाल्मलीने पायावर हात ठेवला.

"वेळेवर बसलात, फार उपकार झाले तुमचे," ती पेशींना म्हणाली. "चिकू, तुझेही. आणि आप्पा, तुमचे तर किती!"

आप्पा हसले. आपल्या गुडघ्यातल्या कूर्चेच्या पेशी मात्र कधीच्याच बसून आहेत, असं ते म्हणाले. त्यांना जरासं उठवून पुन्हा वेळेवर बसवता आलं, तर कितीतरी म्हातारी माणसं चालू लागतील. ते काम अजून कुणाला पुरतं जमलेलं नव्हतं.

शाल्मली नव्या पायावर उभी राहिली आणि आप्पांना उठवायला तिने हात पुढे केला.

"मला शिकवा, आप्पा. त्या पेशींना मी खो देईन."