तलावाचा पाचवा हिस्सा

"टोप्या घेतल्या? पाण्याच्या बाटल्या? आणि ऊन चढायच्या आत किल्ल्यावरून खाली उतरायचं! आईने फोनवर तीनदा बजावलंय!"

तलावाच्या पाळीवरून, म्हणजे मातीच्या उंच बांधावरून, खुशबू भराभरा चालत होती. लाखनीहून ती सुट्टीत आजोबांकडे, म्हणजे आबाजींकडे, आली होती आणि आज आंबागडचा किल्ला चढायचाच, असा तिचा आणि गावातल्या ज्योत्सना आणि गोलूचा बेत होता.

"तुह्या आईले किल्ल्यावरच बसवून ठेवू वं! तिथून साऱ्या गावावर नजर राहील!" गोलू म्हणाला.

खुशबू हसली. पण पुढे चाललेली ज्योत्सना एकदम थांबली.

"थांबा! पाण्याकडे पाहा!"

पाण्यावर जिकडेतिकडे माशांची तोंडं दिसत होती. उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची!

"अरे वा! मासोळ्या खेळून राहिल्या!" गोलू ओरडला.

"खेळून नाही राहिल्या. त्यायचा जीव घुसमटून राहिला." ज्योत्सनाचा आवाज उतरला होता. तिचे बाबा, बुधराम, याच तलावात मासेमारी करायचे. "पाणी कमी झालं, तापलं, की असं होते. मागच्या मे महिन्यात असं झालं, अन् चौथ्या दिवशी साऱ्या उताण्या तरंगल्या. बाबा दोन दिवस कोणाशी बोलले नाही."



तलावाचं पाणी शेतांना सोडायच्या दाराला गावात तुडूम म्हणत. ते उघडंच होतं. पाणी खळाळत कालव्यात पडत होतं. शेजारच्या दगडी भिंतीवर एक ते पंधरा फुटांचे आकडे रंगवलेले होते. पाणी अडीचवर आलं होतं.

खुशबूला आणखी काहीतरी दिसलं. दीड फुटावर एक पुसट पांढरी रेघ नितळ पाण्याखालून दिसत होती. आणि तिच्याही खाली, पाऊण फुटावर, एक ताजी लाल रेघ!

"या रेघा कसल्या?"

"रेघेपर्यंत पाणी उतरलं, की तुडूम बंद. खालचं पाणी मासोळीचं," ज्योत्सना म्हणाली. "पांढरी मागच्या सालची, लाल यंदाची. मागच्या साली दहा टक्के ठेवलं होतं. मासोळ्या मेल्या म्हणून यंदा ग्रामसभेनं वीस केलं."

"दहाचं वीस केलं? मग लाल रेघ वर पाहिजे! ती खाली कशी गेली?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. किल्ला राहिला बाजूला! तिघंही ग्रामपंचायतीकडे धावत सुटले.

कचेरीच्या भिंतीवर ठरावाचा कागद चिकटवलेला होता. 'तलावाच्या पंधरा फूट पट्टीपैकी २० टक्के पाणी मासोळीकरिता राखून ठेवावे.' खुशबूने ओसरीच्या धुळीत बोटाने लिहिलं.

"वीस टक्के म्हणजे शंभरातले वीस. वर वीस, खाली शंभर. दोन्हींना वीसने भाग. वर एक, खाली पाच. म्हणजे एकपंचमांश, पाचवा हिस्सा. पंधराचा पाचवा हिस्सा तीन. रेघ तीन फुटांवर हवी होती!"

"अन् लाल रेघ तर पाऊण फुटावर आहे," ज्योत्सना म्हणाली. "पाऊण आलं कुठून?"

खुशबू धुळीकडे बघत राहिली. मग तिने पंधराला वीसने भागलं. पाऊण!

"रेघ मारणाऱ्याने वीस टक्के म्हणजे विसावा हिस्सा धरला! मागच्या वर्षी दहा टक्के होतं ना? दहा टक्के म्हणजे खरंच दहावा हिस्सा. तेव्हा ते जमून गेलं, म्हणून चूक कळलीच नाही!"

"बाप्पा! म्हणजे मागतलं दुप्पट अन् भेटलं निम्मं?" गोलू म्हणाला.

"आजच बंद करायले लावू! चला!" ज्योत्सना उठली आणि लगेच थबकली. "खुशबू... आजचं पाणी तुह्या आबाजीच्या धानाले जाऊन राहिलं न?"

खुशबूला आठवलं. सकाळीच आबाजी म्हणाले होते, 'हे शेवटचं पाणी. हे भेटलं की धान पदरात पडला!'

"तू नको येऊस," ज्योत्सना हळूच म्हणाली. "आम्ही सांगतो."

"गणित मी केलं," खुशबू म्हणाली. "मीच सांगणार."

तेजराम आबाजी फावड्याने बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी वळवत होते. वरच्या चार बांध्या भरल्या होत्या. खालच्या दोन अजून कोरड्या होत्या. खुशबूने एका दमात सगळं सांगितलं.

"म्हणजे माह्या वावराचं पाणी बंद करा म्हणतेस?"

"हो, आबाजी."

 आबाजी फावडं मातीत रोवून पाळीकडे निघाले. वाटेत गोलूने बुधरामकाकांनाही हाक मारली.

तुडुमावर देवाजीकाका बसले होते. पाणी सोडायचं आणि रेघ मारायचं काम गावाने त्यांच्याकडे दिलं होतं. ऐकून ते भडकलेच.

"तीस वर्सं झाले, पाण्याचे हिस्से मीच करून राहिलो! अन् हे लेकरं मले शिकवतीन?"

"काका, एकच विचारू?" गोलू म्हणाला. "पन्नास टक्के म्हणजे पन्नासावा हिस्सा काय?"

"येडा झाला का बे? पन्नास म्हणजे अर्धा!"

"मग वीस टक्के विसावा कसा?"

देवाजीकाका उठून लाल रेघेकडे वाकले.

"दोर घ्या, काका," खुशबू नरमाईने म्हणाली. "पंधरा फूट मोजा. त्याच्या पाच सारख्या घड्या करा."

"लेकरं काठापासून मांगं!" आबाजींनी दरडावलं.

देवाजीकाकांनी दोर मोजला आणि घड्या केल्या. मग एक घडी तळापासून भिंतीला लावली. तिचं टोक तीनच्या आकड्यावर आलं. पाणी त्याच्या अर्धा फूट खाली!

 दोन्ही हातांनी जोर लावून त्यांनी तुडूम बंद केलं. खळाळ थांबली.

"बुधराम," ते खालमानेने म्हणाले, "तुह्या मासोळीचं पाणी मी सोडलं रे."

"तुम्ही एकटे नाही, देवाजीभाऊ. कागद आम्ही साऱ्यायनं वाचला होता, रेघ कोणीच मोजली नाही," बुधरामकाका म्हणाले. "आज जाळं टाकून मोठ्या मासोळ्या काढतो. उरलेल्यायले दम घ्यायले जागा होईल."

परतताना खुशबू आबाजींच्या मागे मागे चालत होती. कोरड्या बांध्या आल्या, तशी ती थांबली.

"आबाजी, या दोन बांध्या माझ्यामुळे..."

"त्या पाण्यावर आपला हक्कच नव्हता, माय." आबाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आपलं वावर पाहून तू चूप बसली असतीस, तर मले गावात तोंड दाखवायले जागा नसती. शाब्बास! तिघायलेही शाब्बास!"

दोन दिवसांनी भल्या पहाटे खुशबू, ज्योत्सना आणि गोलू पाळीवर उभे होते. तीन फुटांवर देवाजीकाकांनी नवी रेघ मारली होती आणि शेजारी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'पाचवा हिस्सा, मासोळीचा.'

तिघांनी श्वास रोखून पाण्याकडे पाहिलं. तलावभर एकही तोंड वर नव्हतं.